मांजरपाट

गॅलाशील्सच्या बंद पडलेल्या गिरणीत, दुसऱ्या मजल्यावर,
दर गुरुवारी साडेसहाला
सात बिनडोक्याच्या बायका आमची वाट बघत उभ्या असतात.
हात नाहीत, पाय नाहीत,
लोखंडी दांड्यावर बसवलेलं नुसतं धड,
सगळ्या एकाच मापाच्या, साईझ दहा.
या गावात साईझ दहा मी अजून कुणाच्या अंगावर पाहिलेली नाही.

पहिल्या दिवशी टर्नबुलबाईंनी कॅलिको म्हणून
जे टेबलावर आपटलं
ते मी वासानेच ओळखलं. खळ.
मांजरपाट!
इचलकरंजीत याच्या उशांच्या खोळी, रेशनच्या पिशव्या,
आणि घरातलं माणूस गेलं
की दुकानदार न विचारता हेच फाडायचा.
इथे याच्यावर चुका करायच्या असतात.
रेशीम महाग आहे, बाई म्हणाल्या,
चूक स्वस्तात करावी.

"तुला तर हे जन्मतःच येत असेल," शेजारचा रॉरी म्हणाला,
"सहा यार्ड रोज गुंडाळता ना तुम्ही?"
मला साडी नेसता येत नाही, रॉरी.
लग्नात मामीने नेसवली, चौदा पिना लावून,
आणि पंगतीत मी पोटभर श्वाससुद्धा घेतला नाही.
मी शिवते ती आकड्यांनी.
छाती छत्तीस, तिचा चौथा भाग, वर दीड इंच,
ब्राउन पेपरवर ब्लाऊज मी झोपेतही आखेन.
इथे टेप काढली
की टर्नबुलबाई ती उचलून स्वतःच्या खिशात घालतात.

कापडाला विचार, म्हणतात.
कापडाला काय कपाळ विचारायचं?
उभा धागा मध्यरेषेवर धरला, छातीला टाचणी,
कंबरेला टाचणी, आणि बाजूला आला फुगा.
दाबला तर काखेत गेला,
काखेतून हाकलला तर खांद्यावर जाऊन बसला,
करार संपलेल्या भाडेकरूसारखा
या खोलीतून त्या खोलीत.
शेवटी बाईंनी माझी दोन बोटं धरून
तो अलगद चिमटीत घेतला.
याला राहायला जागा हवी, म्हणाल्या. ही ती जागा.

बावीस वर्षं मी ब्लाऊजला टक्स घालतेय.
इतके इंच खाली, इतके आत.
कशासाठी, ते कधी मनातही आलं नाही.

मग उरेब.
तेच कापड, खोळीचं, पिशवीचं, त्या शेवटच्या दिवसाचं,
तिरकं धरल्यावर सैलावलं,
कंबरेवरून उतरलं,
कुणी दिवसभराचे बूट काढावेत तसं.
रॉरीसुद्धा गप्प झाला.

डिसेंबरात स्वतःचं अंग करायचं होतं.
साईझ दहावर कापसाच्या लाद्या, थरावर थर,
वरून घट्ट जाळी.
पोट चढवलं, दोन सिझेरियनचं.
दंडाखालची वळी चढवली.
डावा खांदा पाऊण इंच खाली निघाला,
म्हणजे उजव्याला भर,
ड्रायक्लीनरकडे सहा हिवाळे
त्या डाव्यावरच लोकांचे ओले कोट वाहिलेत.
बाहेर चार वाजल्यापासून काळोख होता, पाईप ठोके देत होता.
कात्री ठेवली आणि मागे सरकले.

पाठ.
माझी पाठ मी कधी पाहिलीच नव्हती, अशी सगळी, एकदम.
भीती होती, आईची असेल. नव्हती.
श्रीपतीकाकांची होती,
रात्रपाळी सुटल्यावर सायकलला टेकून
विडी पेटवायला जरा वाकलेली.
मला हसूच आलं. कुणाला सांगणार?

मग टाचण्या काढल्या. अठ्ठावन्न.
पेन्सिलीच्या खुणा करत कापड सोडवलं, टेबलावर पसरलं,
तर एवढी मोठी मी
चार वाकडे तुकडे.
घाईत खुणा मराठीत केल्या होत्या:
"काख", "इथं थांब", "डावा, खाली".
टर्नबुलबाईंनी चष्मा वर केला, अक्षरांवरून बोट फिरवलं,
एक तुकडा उलटा होता तो सुलटा केला,
आणि आपल्या खांद्यावर लावून पाहिला.
बसला.
सदतीस वर्षं याच गिरणीत, म्हणाल्या,
बॉबिनची पेटी. डाव्यावरच.