शेरा

रेडिंगपासून पंचवीस मिनिटं.
वळणावर गाडी लावली तसे अप्पा उतरले,
आणि शास्ता धरणाकडं पाठ करून
बुटाची नाडी बांधत बसले.
घाई नव्हती. एकतीस वर्षं
पाटबंधारे खात्यात पाण्याची पातळी लिहिलेला माणूस
पाणी कुठं पळून जात नाही, हे जाणतो.

बाकीचे कठड्याला टेकून
मागच्या बर्फाच्या शिखराचे फोटो काढत होते.
अप्पांनी शिखर पाहिलं, "बरंय" म्हणाले,
आणि बोट दाखवलं खाली,
पाणी नि झाडं यांच्यामधल्या उघड्या लाल पट्ट्याकडं,
कढई घासताना राहून गेलेल्या कडेसारख्या.
"सत्तर फूट तरी उतरलंय. पट्टी कुठंय यांची?"
म्हटलं, आता सगळं मोबाइलवर दिसतं.
ऐकून घेतलं त्यांनी.
दुर्बिणीत एक नाणं टाकलं, मग दुसरं,
तिसरं माझ्याकडून उसनं.

मी लहान असताना रात्री दोनला
ते बॅटरी घेऊन निघायचे.
परतले की आई झोपेतच विचारायची, "किती?"
ते आकडा सांगून आडवे व्हायचे.
त्या दोघांचं एवढंच बोलणं
मला धड आठवतं.

डिसेंबरात विम्याचे कागद शोधताना
गाडीच्या खणात पेट्रोलची पावती सापडली.
पाठीमागं त्यांचं ताठ अक्षर:
वेळ ११.४०
पातळी अंदाजे
वारा नाही
शेरा: उल्का गाडी नीट चालवते.