तांत्रिक खंड

ऑक्टोबरच्या एकतीसला, रात्री बारा वाजता
माझं कंत्राट संपलं.
सांगेच्या आरोग्य केंद्रात, खाट क्रमांक चार,
मी तेव्हा उगो वेळीपला
पिशवीनं श्वास देत होते.

मण्यार चावलेली. झोपेत, पायाच्या करंगळीला.
खूण एवढीशी, की आई म्हणाली डास असेल.
आधी पापण्या मिटल्या, मग जीभ जड,
मग छातीचं वरखाली मंदावत गेलं
कुणी पंख्याचा रेग्युलेटर फिरवावा तसं.
डॉक्टर नळी घालून बांबोळीला फोन लावत होते
आणि अॅम्ब्युलन्स बाळंतीण घेऊन मडगावात,
तिचा चालक दुसऱ्या कंपनीचा,
त्याला मार्चपर्यंत आहे.

एक दोन तीन चार पाच, दाब.

भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं पुढं,
त्यामुळं नेमकं सांगता येत नाही
कुठल्या दाबापर्यंत मी नोकरीत होते
आणि कुठल्या दाबापासून नुसतीच
रात्री दवाखान्यात उभी असलेली एक बाई.
अकरा महिने, एक दिवस खंड, पुन्हा अकरा.
असं सहाव्यांदा.
हा एक दिवस मध्ये घातला नाही
तर म्हणे आम्ही कायम होऊ.

कायम झालेल्यांत एर्मेलिंदा सिस्टर शेवटच्या.
पांढरा गणवेश, पेन्शन, दारात अबोली.
आमचा निळा, त्याचे सहाशे चाळीस पगारातून कापून.
त्यांनी शिकवलेलं, बाय, छातीकडे बघ,
घड्याळाकडे बघू नको.

दोन पन्नासला दिवे दिसले.
हात काढला तर बोटं सरळ होईनात,
करवंटी धरल्यासारखी वाकडीच राहिली.
मिनिटाला दहा धरले तर
सतराशे श्वास.

सकाळी दारातल्या यंत्रावर अंगठा ठेवला.
नोंद सापडली नाही, म्हणालं.
पुन्हा प्रयत्न करा, म्हणालं.
हिशेबनीस शिरोडकर वाईट माणूस नाही,
त्याचीही बायको एजन्सीकडून लॅबमध्ये आहे.
रजिस्टर माझ्यापुढं सरकवून म्हणाला,
एक तारखेला तू इथं नव्हतीसच,
ह्या ओळीवर रेघ मार. विम्याचं लचांड नको.
'बारा ते दोन पन्नास, अंबू, सु. पागी.'
मी नाही मारली.
खरं सांगायचं तर मारली. पेन्सिलीनं.

दोन तारखेला नवा कागद आला,
आडनाव चुकवून.

पंचवीसेक दिवसांनी उगोची आई आली,
कापडी पिशवीत शेरभर अळसांदे.
त्या रात्रीची बाय कोण, तिनं खिडकीवर विचारलं.
नव्या पोरानं पानं उलटली,
बाराच्या पुढं कोणाचं नाव नाही म्हणाला.
मी बाजूलाच बसून
सुयांचे रिकामे खोके मोजत होते,
बोलले नाही. का, ते अजून कळत नाही.
अळसांदे कुणी घेतले तेही माहीत नाही.

उगो बाकावर बसलेला, मोबाईलमध्ये मान घालून.
मी त्याच्या छातीकडे बघितलं.
एक दोन तीन चार,
आपोआप.
एक दोन तीन