मीटर बरोबर आहे

फेरीबोटीतून दिवाडीला उतरलो की पहिलं घर बाप्तिस्तांचं.
रीडिंग नेहमी फुगलेलं : चार खोल्या, चार न्हाण्या,
सगळ्या पाहुण्यांना भाड्यानं.
मग शाळा. मग ते चिकूचं आवार
जिथं मीटरच्या पेटीत मुंगळे राहतात.
बावीस वर्षं मी या बेटाचं पाणी वाचतो.
नावं विसरतो माणसांची, आकडे नाही.

पिएदादचा आकडा कार्यालयाला खटकायचा.
तीन माणसं, महिन्याला चार युनिट.
साहेब म्हणाले, मीटर तरी संथ असेल
नाहीतर बाई तरी चलाख.
जा, तपास.

गेलो. एप्रिल होता, हवेला काजूचा वास.
तिनं ग्लासभर पाणी दिलं, अर्धं प्यालो,
उरलेलं सवयीनं अंगणात भिरकावणार
तोच तिनं ग्लास काढून घेतला
आणि ओतला आबोलीच्या कुंडीत,
जणू ते पाणी माझं कधी नव्हतंच.

मग बसून पाहत राहिलो.
तांदळाचं धुवण मिरचीच्या रोपांना.
मासळी धुतलेलं माडाच्या बुंध्याशी, मागोमाग मांजर.
न्हाणीची मोरी फुटक्या कौलांवरून वळवत
थेट अळवात सोडलेली.
शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली,
"भांडी घासताना नळ बंद करते, एवढंच.
त्यानं हात झिजत नाहीत."

मी मीटर उघडला, फुंकला,
बादली लावून मोजला. सरळ चालत होता.
अहवाल मात्र लिहिला नाही.
कुणाला पटला असता?

मे सरता सरता वादळ आलं.
रेडिओवर त्याला नाव होतं. आम्ही नुसतं 'तें' म्हणालो.
माड आडवे, खांब आडवे, तारा चिखलात.
मानशीचं दार निखळलं, खारी नदी
खाजनातून चालत विहिरींपर्यंत आली.
फेरी बंद. पलीकडचे पंप मुके.
अंगणात गुडघाभर पाणी, वरून पाणी,
आणि नळ उघडला की नुसती कोरडी ढास.

पाचव्या दिवशी एका होडीनं पोचलो.
वाचायला काही नव्हतं,
दर घरी मागच्या भेटीचाच आकडा.
बाप्तिस्तांचे पाहुणे व्हरांड्यात
बाटल्या मोजत बसले होते.

पिएदादच्या दारात रांग.
दोन भाणं, एक पिंप, पोराचा लहानपणचा टब,
सगळं पागोळ्यांखाली भरून घेतलेलं, वर धुवट फडकं.
पहिला तासभर पाणी तिनं वाहू दिलं होतं म्हणे,
कौलांवर दर्याचं मीठ असतं.
माणशी तीन तांबे. "उकळून घ्या," प्रत्येकाला तेच.
तिला चिकट म्हणणारेही आले होते,
भरलं भांडं पोटाशी धरून
खड्डे चुकवत हळूहळू घरी जात होते.
इतकं जपून चालताना मी या गावाला
फक्त मिरवणुकीत पाहिलेलं.

मलाही ग्लास मिळाला.
अर्धा प्यालो. उरलेला घेऊन
शहाण्यासारखा कुंडीकडे निघालो.

"अरे पी रे सगळं," ती मागून ओरडली,
"ती चार दिवस पीतच आहे."

होती खरी. मुळं उघडी पडून
आबोली पाण्यात तरंगत होती.

मी तिथंच उभ्यानं ग्लास संपवला.
वहीत ओल्या पानावर जुनाच आकडा उतरवला,
आणि शेऱ्याच्या रकान्यात,
पेन्सिल दोनदा थुंकीनं भिजवून :
मीटर बरोबर आहे.