पानओव्याची पाटी

तिसऱ्यांदा बोलावलंय मला ह्याच कुंडीपाशी.
पहिल्यांदा काळ्या ऑइलपेंटने कोलियस लिहून गेलो
तेव्हा नेरुळच्या ह्या बागेला कुंपणही नव्हतं.
मग चिठ्ठी आली : प्लेक्ट्रॅन्थस लिहा.
पुसायचा कंटाळा केला, वरून पांढरा हात मारला,
त्या जोडाक्षरात माझा बारीक ब्रश फाटला.
आज ठोसर मॅडम म्हणतात,
हरेश्वर, पुन्हा कोलियस.

मी बाटलीचं बूच काढलं नाही.
म्हटलं, आधी सांगा.
कुंडी तीच, पान चुरगळलं की वास तोच,
मग हा कुणाकुणाच्या घरी राहून आला?

मॅडम हौदाच्या कडेला बसल्या.
पूर्वी फूल उलगडून ठरवायचे,
केसर जुळलेले आहेत की सुटे.
आता पेशीत शिरून अक्षरं वाचतात.
कधी कळतं, शेजारी समजत होतो तो सख्खा भाऊ
आणि एका ताटात जेवणारे नुसतेच शेजारी.
सोनचाफा असाच मायकेलियातून उठून
मॅग्नोलियात गेला. स्नेक प्लांट ड्रसीनाकडे.
करंज तर जाऊन परतही आला.

म्हणजे फेरफार, मी म्हटलं.
मॅडम हसल्या.
आमच्या सातबाऱ्यावर पोशा भोईरचा
पाशा भोईर झाला होता.
आजोबांच्या त्या एका मात्रेपायी
बापाने चार वर्षं तलाठ्याकडे खेटे घातले,
तोवर शेताचा सेक्टर झाला.

आणखी एक कलम असतं, त्या म्हणाल्या,
जुनं नाव सापडलं तर तेच खरं.
ज्याने आधी छापलं, त्याचा मान.

आधी छापलं.

माझी आई ह्याला जन्मभर ववा म्हणाली.
पोरांच्या खोकल्याला रस, जावयाला पानांची भजी.
सही करताना अंगठा पुढे करायची, ती कुठे छापणार?
सारसोळ्याच्या खाडीतल्या गाळालाही नावं होती,
पाय रुततो तो वेगळा, निवट्या सापडतात तो वेगळा.
ती नावं घेणारे दोघे उरलेत.
त्यातल्या एकाला ऐकू येत नाही.

मॅडमनी वहीत लिहून घेतलं, ववा.
मग विचारलं, पहिला व की ओ?
मी म्हटलं, तोंडात दोन्ही असतात.

शेवटी पत्रा मांडीवर घेतला, खरवडायला लागलो.
प्लेक्ट्रॅन्थस पापुद्र्यांनी सुटलं,
त्याखालचा पांढरा सुटला,
आणि खालून माझंच कोलियस निघालं,
बावीस वर्षांपूर्वीचं.
तेव्हा अक्षर उजवीकडे झुकायचं माझं,
घाई असायची कसली तरी.

नवं काही लिहावंच लागलं नाही.
स-ची शेपटी तेवढी ओढली.

आता बिलावर काय लिहू, हे विचारायला
पुन्हा त्यांच्या खोलीत गेलो
तर त्या फोनवर कुणाला तरी सांगत होत्या,
नाही हो, अजून नक्की नाही.