उघड्या सळया

फ्लोरिंदाच्या छतावर सोळा सळया उभ्या आहेत,
चार कोपऱ्यांत चार-चार.
प्रत्येकीच्या डोक्यावर पालथी बाटली घातली होती साबिनोनं,
गंज चढू नये म्हणून,
एकोणीस वर्षांपूर्वी,
"दोन वर्षांत वरचा मजला" असं म्हणत.

बाटल्या कधीच पिचल्या.
साबिनो खाणीत गेला; तिकडून त्याच्या बुटांची पिशवी आली.
सळयांना दोरी बांधली गेली,
दोरीवर शाळेचे शर्ट, मग मोठ्या मापाचे शर्ट,
मग नुसती दोरी.
वीलमेर सांतियागोत हॉटेलची भांडी घासतो.
आता पैसे आलेत ते त्याचे.

लिमाच्या दक्षिणेला या टेकडीवर पाऊस असा पडतच नाही.
समुद्राकडून धुकं चढतं,
माणसाच्या ओठाला लागतं ते खारट,
आणि लोखंडाला लागतं ते कायमचं.

मी पहिल्या सळईवर हातोडी टेकवली.
नुसती टेकवली.
पापुद्रे पडले बाहीवर, लाल.
करंगळीएवढी होती ती,
पेन्सिलीएवढी उरली होती.
"वाया गेल्या का, मिस्त्री?"
मी लगेच बोललो नाही.
या धंद्यात लगेच बोलणाऱ्याला
कुणी दुसऱ्यांदा बोलावत नाही.

हे खांब ओतले तेव्हा मी सोळाचा.
बादल्या वाहिल्या होत्या, शिडीवरून, रविवारभर.
वाळू नदीची. समुद्राची निम्म्या भावात मिळत होती,
साबिनो घेईना; शेजाऱ्यांना हसायला विषय झाला.
रिंगांना तो काँक्रीटच्या चकत्या बांधत बसायचा,
फळीपासून दोन बोटं अंतर, सगळीकडे दोन बोटं,
आणि आम्ही खाली चिचा संपवत होतो.

तेव्हाच त्यानं मला सांगितलं होतं:
काँक्रीट ओझं सोसतं, डोंगराएवढं सोसेल,
पण ओढ सोसत नाही.
ओढ लागली की भेगाळतं.
ओढ सोसायची ती सळईनं.
आणि ऊन तापलं की दोघं फुगतात
जवळजवळ सारखीच, केसभर,
नाहीतर कधीच सुटी झाली असती.
हे कुणी ठरवलेलं नाही, म्हणाला. नशीब.

छिन्नी घेतली.
छताच्या वर हातभर काढून ठेवलेलं खांबाचं डोकं
फोडायला बसलो.
वीतभर उतरलो तरी लालच.
म्हटलं, संपलं. हिला सांगायचं कसं?
आणखी चार बोटं.
मग काँक्रीटचा एक टवका उडाला
आणि सळई दिसली.

निळी.
दुकानातून आली तशी निळसर, करडी,
कारखान्याची अक्षरं वाचता येतील अशी,
रिंगेला मारलेल्या तारेचा पीळसुद्धा
साबिनोच्या हातचा, डावखुरा.
टवक्याच्या आतल्या बाजूला
सळईच्या कडांचे ठसे उमटले होते, एकेक.

फ्लोरिंदा गुडघ्यावर बसली.
बोट लावलं. बोट पाहिलं.
काही लागलं नव्हतं.

"मग?"
मग काय, वरचं कापायचं.
चारही खांब तळापर्यंत मोकळे करायचे,
नवी सळई जुनीच्या शेजारी उभी करायची,
जाडीच्या चाळीस पट लांब, खेटून,
तार मारायची, ओतायचं.
चार दिवसांचं काम. पाच धर.

निघताना विचारलं,
"नव्या मजल्याच्या वर किती सोडू?"
तिनं टेकडीकडे पाहिलं.
छतामागून छतं, आणि प्रत्येक छतावर
तशाच उभ्या सळया, वर कुणीतरी यायचंय अशा.

"सोड नेहमीएवढ्याच," ती म्हणाली.
"पण या खेपेला बाटल्या नकोत.
हलक्या काँक्रीटनं लिंपून ठेव,
फोडायला सोपं जाईल असं.
माझा जोर आता कमी झालाय."