पाव फेरा मागं

पहिला फणसाखाली बसवला.
लांबमान्या. एकशे चाळीस किलो बीड,
उद्यमबागेतली आमची भट्टी विझायच्या आधीची
शेवटची ओत.
मालक म्हणाले, शिंदोळकर, पंपाच्या केसिंगा करून करून
हात असा वाकडा कसा गेला तुझा?
मी म्हटलं, बत्तीस वर्षं पोकळच ओतलं साहेब,
एक तरी भरीव होऊ दे की.

वडगावातलं परस केवढं ते,
अबोलीचा वाफा, कढीपत्ता, धुण्याचा दगड.
त्यात मग तीनशिंग्या आला,
पाठीवर फरश्या उभ्या असलेला एक,
आणि पिल्लू.
पिल्लू नऊ किलोचं, उरलेल्या रसाचं.
नाकात हवेचा फोड राहिलेला.
फौंड्रीत असतं तर रिजेक्ट.

बसवायचं कसं, विचारलात म्हणून सांगतो.
तांबडी माती फसवी. उन्हात वीट, पावसात लोणी.
मुरूम लागेपर्यंत खणायचं,
खडी-सिमेंटात बोल्ट उभे पुरायचे,
सात दिवस पाणी मारायचं.
मग प्राणी उचलून पायातली भोकं बोल्टावर,
खाली रबर, वर वॉशर,
आणि नट.
शेवंता दारातनं बघत होती.
"पळून जातायत होय?"

पळालं नाही. नेलं.
गणपती बुडवायच्या रात्री, गल्लीत ढोल घुमत असताना,
पिल्लाचे दोन्ही नट पान्यानं काढले कुणीतरी.
तोडलं नाही हं. सोडवलं,
वॉशर कठड्यावर नीट मांडून ठेवले.
हात शिकलेला होता.
भट्टी बंद पडल्यावर आम्ही सत्तरजण घरी बसलो,
त्यातलाच असणार.
राग यायला पाहिजे तसा येईना मला,
अजून येत नाही.

भंगारवाल्यांकडं हिंडलो.
बिडाचा भाव विचारायचा आणि कोपऱ्यात नजर टाकायची.
डायनासोर बघितलात काय, हे तोंडातनं निघेना.
एकाला विचारलंच शेवटी.
तो म्हणाला, काका,
इथं आलेली वस्तू कुणी ओळखत नसतंय.

मग साखळ्या घातल्या.
लांबमान्याची मान तारेनं ताणून
फणसाला बांधली, तसूभर हलू नये अशी.
वळवाचं वारं सुटलं, फणस हलला,
बीड कुठं हलतंय?
वाकायचं ठाऊकच नसतं त्याला.
तडकलं.
पितळेनं सांधली मान. पिवळी रेघ राहिली.
पोरं विचारतात, दागिना काय हो?

कारहुणवीला शेजारची गंगव्वा
ताट घेऊन गल्लीभर फिरली. बैल उरलेत कुठं?
आमचं फाटक ढकलून आत आली,
तीनशिंग्याची शिंगं रंगवली,
दोन तांबडी, एक निळं, डबा संपला म्हणून.
कपाळाला कुंकू, पुढ्यात होळगी.
मी म्हटलं, अक्का, हा बैल नव्हे.
"कोंब अदावल्ल," म्हणाली. शिंगं आहेत की.
त्यावर काय बोलणार?

तेव्हापासून रात्री कोणी फाटकाला हात लावत नाही.
सकाळी येतात, चपला बाहेर काढून.
एकानं नारळ फोडला थेट खांद्यावर,
टवका उडाला, नारळाचा नव्हे.
आता मलाच हलवता येत नाही त्याला.
परवा खालून नळाची पाइप न्यायची होती,
तर गल्लीनं बैठक घेतली, दोन भाषांत, दोन तास.
पाइप वळसा घालून नेली.

तुमचं बसवाल तेव्हा ध्यानात ठेवा,
नट पूर्ण आवळायचा,
मग पाव फेरा मागं.

अबोलीत पिल्लाचे दोन बोल्ट वर आलेत.
शेवंता म्हणते, कापून टाका, पायाला लागतात.
महिन्याला एकदा ग्रीस लावतो.
वॉशर चहाच्या डब्यात आहेत.
आटे खराब व्हायला नकोत.