सांडवा

कापसाच्या टोकनची यंत्रणा आमची,
धुळ्यात, देवपुरात, एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर.
सकाळी आठला नोंदणी उघडली.
आठ वाजून दोन मिनिटांनी पडली.
शत्रू कोणी नव्हता.
एक सर्व्हर जरा दमला, उत्तराला उशीर झाला,
आणि ज्यांना उत्तर नाही त्यांनी पुन्हा बटण दाबलं,
पुन्हा, पुन्हा,
साक्री, शिरपूर, शिंदखेडा, सगळे अंगठे एकाच दारावर.
आम्ही आणखी चार सर्व्हर जोडले.
तेही त्याच लोंढ्यात गेले.

दुपारी हर्षदा भामरे म्हणाली, ऊठ,
आणि स्कूटीवर घालून मला तिच्या गावी नेलं, पांझरेकाठी.
तिथे सुपडूअप्पा, फडाचे पाटकरी,
पोटऱ्यांपर्यंत पाटात, खांद्यावर फावडं.

पाटाची कड एका जागी मुद्दाम खाली ठेवलेली,
तिथून पाणी नदीत पडत होतं.
मी म्हटलं, अप्पा, हे वाया जातंय.
"वाया नई जात. नदीनं पानी नदीले."
परत गेलेलं चालतं,
फुटलेला पाट चालत नाही.

एक चारी फुटली तर तिचंच तोंड बुजवायचं,
शेजारच्या फडाला कळूही नये.
दाराला हात फक्त पाटकऱ्याचा.
शेत ज्याचं, त्याचाही नाही.

"आणि तुम्ही आजारी पडलात तर?"
ही माझी धंद्यातली खोड.
अप्पांनी झिपरूकडे बोट दाखवलं.
झिपरू बांधावर घोरत होता.
राखीव माणूस असाच असतो,
मधूनमधून हाक मारून पाहावी लागते.

रात्री बेकरीतल्या खारीच्या वासात
तालुक्यागणिक वेगळी चारी काढली,
आणि एक ओळ लिहिली:
आत्ता जागा नाही. तीन मिनिटांनी या.
इतक्या वर्षांत इतका वेळ
कुठल्याच ओळीला लागला नव्हता.
साहेब म्हणाले, नाही म्हणायचं? आपण?
म्हटलं, नाही तर सगळ्यांनाच म्हणावं लागेल, न बोलता.

सकाळी यंत्रणा चालली. रखडत, पण उभी.
साडेआठला अप्पांचा फोन:
"तुनं यंत्र माले तीनदा परत धाडस."
अप्पा, सांडवा शे.
पलीकडे थोडा वेळ नुसतं पाणी वाजत राहिलं.
मग म्हणाले,
"मंग शेवटलास्ले पयले दे."

ते अजून लिहून झालेलं नाही.